राजाराणीची जोडी मल्लेश्वरमला गेली

"तुझ्या वडिलांनी आईवर कधी हात तरी उचलला का?" त्या वर्षी हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं की ते छापून वाटावंसं वाटायला लागलं. जणू हात न उचलणं हा पराक्रम आहे, आणि तेवढ्यासाठी बाईनं जन्मभर त्याच घरात राहायचं.

आई बावन्न वर्षांची होती. तिनं शहराच्या दुसऱ्या भागात, मल्लेश्वरमला, एक गच्चीवरची खोली भाड्यानं घेतली. भांडण नव्हतं. दुसरी बाई नव्हती, दुसरा पुरुषही नव्हता. माझं शिक्षण संपलं होतं, तिची कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी चालू होती. एका रविवारी जेवता जेवता ती वडिलांना म्हणाली, "मला एकटीनं राहून बघायचंय."

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. चामराजपेटेतल्या आमच्यासारख्या जुन्या मराठी घरांत तसंच म्हणतात. अण्णांनी विचारलं, "किती दिवस?"

"माहीत नाही."

अण्णांनी ताटात हात धुतले. एवढंच झालं.

मी घरकामगार बायकांच्या संघटनेत आहे. पत्रकं मीच लिहिते. आई घर सोडते म्हटल्यावर मला आनंद झाला, आणि तो मी लपवला नाही. तिला म्हटलं, आमच्या सभेत बोल.

"काय बोलू? खोलीला खिडकी चांगली आहे, असं?" ती म्हणाली. "आणि माझ्यावर पत्रक काढू नकोस."

मग दसरा जवळ आला. आमच्याकडे नवरात्रात पायऱ्या लावून त्यावर बाहुल्या मांडतात, कन्नड शेजाऱ्यांची रीत पिढ्यांपूर्वी आमचीही झाली. सगळ्यांत वरच्या पायरीवर लाकडी राजाराणी. ही जोडी मुलीला लग्नात माहेरून मिळते. दर वर्षी तिला नवे कपडे नेसवून मांडायचं, एकही वर्ष चुकवायचं नाही.

आई चामराजपेटेत आली तेव्हा आत्या आधीच येऊन बसली होती. पायऱ्याही तिनं लावून ठेवल्या होत्या.

"आलात, वैनी. मी दादाला म्हटलंच होतं, सणाला तरी येतील."

"मी जोडी न्यायला आलेय, वन्स."

"कुठं?"

"खोलीवर."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं, जणू हे मीच शिकवलंय. शिकवलं असतं तर मला अभिमानच वाटला असता. "राजाराणी नवऱ्याच्या घरात मांडतात," ती म्हणाली. "भाड्याच्या खोलीत नाही."

मी तोंड उघडलं. कोणाचं घर, कोणाचे श्रम, सगळं तयार होतं. आईनं मला हातानंच थांबवलं.

"तुम्ही दुबईला लेकाकडे राहिलात तेव्हा दसरा तिथंच केलात ना?" तिनं विचारलं. "तुमचे यजमान इथंच होते. जोडी कुठं होती?"

आत्यानं एका पायरीवरचं कापड सारखं केलं. "माझ्याबरोबर नेली होती. पण मी लेकाकडे गेले होते. पळून नव्हते गेले."

"मीही नाही. बसनं गेले," आई म्हणाली.

अण्णा एवढा वेळ दारात उभे होते. ते स्टुलावर चढले आणि माळ्यावरची पेटी खाली काढली. आत दोन जोड्या होत्या, एक आजीची, एक आईची. अण्णांनी दोन्ही हातांत धरल्या.

"तुझी कुठली?"

इतकी वर्षं ती जोडी त्यांच्याच दिवाणखान्यात उभी राहत होती. आईनं बोट दाखवलं. अण्णांनी जोडी आपल्या पंच्यात गुंडाळून दिली.

रिक्षात मी आईला म्हटलं, राणी ने, राजा परत कर. त्याचं तुला काय करायचंय?

"लाकडाचा आहे गं तो. नऊ दिवस उभा राहतो, चहा मागत नाही. असू दे."

मला ते पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या बायका हळदीकुंकवाला आल्या. त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, यजमान कुठं असतात? आई म्हणाली, "चामराजपेटेत." छत्री कुठं ठेवलीय हे सांगावं तसं. बायकांनी हरभऱ्याची उसळ खाल्ली आणि गेल्या.

त्यानंतर अण्णा आले. चपला दाराबाहेर काढून भिंतीशी जोडून ठेवल्या. घरी त्या वाटेत पडलेल्या असतात. खोलीत एकच खुर्ची होती. तिच्यावर बसावं की नाही हे त्यांना कळेना. आईनं "बसा" म्हटल्यावर बसले. उसळ खाल्ली. वाटी हातात घेऊन राजाराणीकडे बघत राहिले.

"घरी असंच मांडायचीस?"

"असंच."

"मी कधी नीट पाहिलं नाही."

गॅसवर तिचा भात होत आला होता, वास सुटला होता. अण्णा म्हणाले, "जेवायला थांबू?"

साधा प्रश्न. पण मी घाबरले. आमच्या संघटनेत येणाऱ्या कितीतरी बायकांकडून ऐकलंय, माणूस आधी जेवायला थांबतो. मग पाऊस आला म्हणून थांबतो, मग त्याचे कपडे दोरीवर दिसायला लागतात. आई नको म्हणणार नाही असं मला वाटलं. तिनं त्यांना आजवर कधी नको म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

"आज नको," आई म्हणाली. "रविवारी या. निघायच्या आधी फोन करा."

अण्णा खुर्चीवरून उठले. मग "सरी" म्हणाले. मराठीत बरं म्हणतात, पण आमच्या घरात तेवढ्याला कन्नडच तोंडात येतं. त्यांनी मोरीत जाऊन वाटी विसळली, पालथी ठेवली आणि गेले. आईनं ती उचलून पुन्हा घासली.

रविवारी फोन आला तेव्हा आई गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी तिला हाक मारली, अण्णा विचारतायत, येऊ का?

"थांबा म्हणावं," ती म्हणाली. "मला ठरवू दे." आणि तिनं आधी चादर झटकून दोरीवर टाकली, चारी टोकं सारखी केली.