उघडी कड

अन्याय झाला तो कात्रणमावशीवर. गेल्या वर्षी, दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी, दुपारी साडेबाराला, अंधेरी पूर्वेच्या एका सार्वजनिक बागेत. भरल्या ताटावरून तिला उठवलं. हे आधी लिहून ठेवते, कारण आमच्या भागात असल्या गोष्टींना ‘किरकोळ वाद’ म्हणायची पद्धत आहे.

मावशी जालन्याकडची. साकीनाक्याच्या एका कारखान्यात गाऊन शिवायची आणि उरलेली कात्रणं पिशवीत भरून आणायची, म्हणून गल्लीनं तिला हे नाव दिलं. ती माणसाच्या तोंडाआधी त्याचे कपडे बघायची. मी पहिल्यांदा तिच्या दारात पत्रक घेऊन गेले, तर तिनं ते मशीनवर ठेवलं आणि माझी बाही पकडली. “शिलाई सुटलीये. लढायला निघालीस ना? आधी इकडं ये.”

आमच्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली की एकानं कुणाच्या तरी दारात शिरायचं. सगळ्यांनी मिळून जेवायला बसायचं तर बसणार कुठं? म्हणून मावशीनं सहलीचं कापड शिवायला घेतलं. वर कात्रणांचे चौकोन आणि दर घरातलं एक जुनं कापड. खाली ओल लागू नये म्हणून कुठल्याशा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. “भाऊंची बत्तिशी खालच्या अंगाला जाऊ दे,” ती म्हणाली. “चिखल बघून तरी हसायचे थांबतील.” फ्लेक्सवर सुई अडायची, मोडायची. मग ती सुईवर मेणबत्ती घासायची आणि पुन्हा पायडल मारायची. कोपऱ्यांना खिसे होते. वाऱ्यानं कापड उडू नये म्हणून बागेतलेच दगड त्यात घालायचे आणि निघताना तिथंच टाकायचे.

तीन बाजूंना तिनं पट्टी मारली. चौथी कच्चीच सोडली.

“अर्धवट दिसतंय गं मावशी.”

“दिसू दे. नवीन बिऱ्हाड आलं की त्याचं कापड जोडायला काय उसवत बसू?”

त्या रविवारी बागेत ते कापड अंथरून आम्ही नुकतेच जेवायला बसलो होतो. शेजारच्या इमारतीतले एक गृहस्थ रखवालदाराला घेऊन आले. “इथं खाणंपिणं चालणार नाही.” पलीकडच्या बाकावर त्यांच्याच इमारतीतली मंडळी केक कापत होती. मी बोट दाखवलं. “ते वेगळं,” ते म्हणाले, आणि बोलता बोलता बुटांसकट कापडावर चढले.

मावशीचा घास हातातच राहिला. “साहेब, बूट काढा. इथं माणसं जेवतात.”

कोणी हललं नाही. त्यांचा बूट तर नाहीच. ते रखवालदाराला म्हणाले, “उचल हे.” तो वाकला. “मावशी, उठो ना. मेरी नौकरी जाएगी.”

“तुझी नोकरी मी कशाला खाऊ बाबा? मला भाकर आहे.”

ती बसून राहिली. कापड ओढलं गेलं, वरणाचं पातेलं कलंडलं आणि मधला सांधा टर्रकन गेला. तेव्हा कुठं मावशी उठली. सांडलेल्याकडे तिनं पाहिलंही नाही. सांध्यावरून बोट फिरवलं. “कापड शाबूत आहे. नुसता दोरा गेलाय.”

मी तक्रारी केल्या, पत्रकं वाटली. ‘चौकशी सुरू आहे’ यापलीकडे आजवर उत्तर नाही. मावशी चिडवायची, “तुझं वाचून माणूस उठेल गं. पण बसेल कुठं?”

यंदा रस्त्यासाठी गल्लीची एक बाजू पाडली, मावशीची. तिला बदल्यात पार दूर, माहुलला खोली मिळाली. टेम्पोत मशीन चढवल्यावर तिनं ते कापड माझ्या हातात दिलं. मधला सांधा दुहेरी शिवलेला होता. चौथी कड तशीच कच्ची.

“ही शिवायची नाही. आणि मी नाही म्हणून थांबायचं नाही. तू अंथर, मी येते.”

येत्या रविवारी, दुपारी साडेबाराला, त्याच बागेत, त्याच जागी मी ते अंथरणार आहे. मावशी माहुलहून निघतेय. तुम्ही वाचून नुसते हळहळू नका. डबा घ्या, घरातलं हातभर जुनं कापड घ्या आणि या. कच्च्या कडेला जागा आहे. बूट काढून बसा.