मोरीवरचं अळू

आमच्या आणि शेजारच्या घराच्या मोरीचं पाणी मागे एकाच ठिकाणी साचतं. तिथे अळू नुसतं माजलं आहे. गेल्या आठवड्यात शेजारच्या सुमनवहिनी नातवाच्या अँटिबायोटिकची अर्धी बाटली तिथे रिकामी करत होत्या. "ताप उतरला, आता कशाला ठेवायची?" तेव्हापासून मी त्या गाळाकडे संशयानं पाहतो. तिथले जंतू म्हणे शेजारधर्माला फार पक्के. औषधातून वाचायची युक्ती एकाला साधली, की तो ती जातकूळ न विचारता शेजारच्याला देऊन टाकतो.

आज वहिनींनी कुंपणावरून वाटी पुढे केली. "फदफदं केलंय, आपल्याच अळवाचं." वाटी गरम होती.

"नातू कसा आहे?" मी विचारलं.

"पुन्हा तापलाय. या खेपेला तेच औषध लागू पडत नाहीये."