वाढत्या अंगाचं धनुष्य

बाण पोत्यात गेला नाही. विहिणीच्या कानाची वरची पाळी चिरून तो मागच्या पत्र्यावर आदळला आणि तिची बुगडी माझ्या पायाशी येऊन पडली. मी आधी बुगडी उचलली. मग तिच्याकडे बघितलं.

रक्त मानेवरून पातळावर उतरलं होतं. आठ वर्षांची नात हातात धनुष्य धरून तशीच उभी. तोंडातून एकच शब्द, "अव्वा! अव्वा!" अव्वा म्हणजे तिची आईकडची आजी, माझी विहीण. मी तिथेच, दोन हातांवर उभी होते, पण मला कोणी हाक मारली नाही. अशा वेळीही ते मला लागलं. लिहायचं तर खरं लिहावं.

विहिणीनं पदराचा बोळा करून कानाला लावला आणि पोरीला म्हणाली, "काही न्हाई झालं. मीच खुर्ची पुढं ओढली बघ. चूक माझी हाय."

हे खोटं होतं. खुर्ची मी पुढे सरकवली होती.

आम्ही नांदेडला मुलाकडे राहतो. आमचं मूळ गाव भोकरच्या बाजूला. मी चौथी शिकले आणि पुढे चाळीस वर्षं रानात काढली. विहीण उदगीरची, दिली लातूरला, कापडाच्या दुकानात. कपाळावर विभूती दोघींच्याही, देव एकच. पण तिचे तळहात मऊ आहेत आणि माझे नाहीत. ती बोलते हळू आणि लोक ऐकतात. मी बोलते मोठ्यानं आणि घरात सगळे दार लावून घेतात. वर तिच्या दोन्ही कानांत बुगड्या. माझ्या कानाची वरची भोकं कधीच बुजली.

पोरीला धनुष्यबाणाचं वेड मी लावलं, हे आधी सांगून ठेवते, कारण आता ते कोणाच्या लक्षात नाही. माहूरला देवीला गेलो होतो. पायऱ्यांवरच्या दुकानातून मी तिला काडीचं धनुष्य घेऊन दिलं, टोकाला रबर लावलेले तीन बाण. त्या बाणांनी तिनं माझी औषधाची बाटली तीनदा पाडली. चौथ्यांदा मी बाटली मुद्दाम काठावर ठेवली, तीही पाडली. मी तेव्हाच सुनेला म्हणाले होते, पोरीची नजर बरी आहे. सून म्हणाली, "हो आई," आणि भाजी ढवळत राहिली.

मग उन्हाळ्यात पोर महिनाभर लातूरला गेली. तिथे विहिणीनं तिला तिरंदाजीच्या शिबिरात घातलं. शिकवणाऱ्या बाईंना विचारून, पोरीला सोबत नेऊन तिला खरं धनुष्य घेऊन दिलं. मी लावलं बी आणि पीक उभं राहिलं लातूरला.

पोर परत आली ती ते धनुष्य पाठीवर लावूनच. रात्रंदिवस तेच.

"आज्जी, अव्वानं मला दोन्ही हात पसरायला लावले, मग मापलं. मग दुकानात मी चार धनुष्यं ओढून बघितली. ओढायचं, धरून ठेवायचं आणि दहापर्यंत मोजायचं. हात थरथरला की ते धनुष्य परत ठेवायचं."

"आणि हे?"

"ह्याला मी दहापर्यंत मोजलं आणि वर अव्वाला सातचा पाढा म्हणून दाखवला."

मी ते हातात घेतलं. हलकं, चिमुकलं. दोरी माझ्या दोन बोटांनी मागे आली. मी म्हणाले, "हे तर पोरासोरांचं खेळणं हाय. पुढच्या वर्षी लहान पडंल."

"मी पोरच आहे की," ती म्हणाली.

आमच्या घरात मापाची वस्तू कधी कोणी घेतली नाही. सगळं वाढत्या अंगाचं. फ्रॉक घ्यायचा तर खाली वीतभर दुमड घालून. चप्पल दोन बोटं मोठी, पुढे कापूस कोंबून. माझ्या मुलानं पहिलीतला सदरा तिसरीपर्यंत घातला आणि तो काही मेला नाही. जन्मभर गिऱ्हाइकांना वाढत्या अंगाचे कपडे विकलेल्या बाईनं नातीला तेवढं अगदी मापाचं घ्यावं, हे मला उधळेपणाचं वाटलं. खरं म्हणजे ते निमित्त होतं. तिनं मोठं घेतलं असतं तर मी म्हणाले असते, पोरीला पेलवत नाही.

श्रावणात विहीण यायची होती. त्याच्या आधी मी एकटीच खेळाच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदार पोरगेलासा होता.

"मावशी, कुणासाठी पाहिजे?"

"नातीसाठी."

"तिला आणा ना. धनुष्याचं असं चपलेसारखं असतं, पायात घालून बघावं लागतं."

"चप्पल मी न बघता आणते. वाढत्या अंगाचं द्या."

तो हसला. "मावशी, हे वाढत्या अंगाचं न्हाई घेत कोणी. दोरी ओढायला जोर लागतो. जोर न्हाई पुरला तर बाण भलतीकडं जातो."

"आमची पोर दूधतुपावर वाढलेली हाय. ते टांगलंय ना, ते काढा."

ते लातूरच्या धनुष्यापेक्षा हातभर उंच होतं. लाकडाला चकाकी होती. त्यानं दोनदा सांगितलं, पोरीला घेऊन या, तिसऱ्यांदा सांगितलं नाही. मी ते साडीच्या जुन्या पिशवीत गुंडाळून आणलं. रिक्षात मला एकच दिसत होतं, विहीण ते बघते आहे आणि तिचं तोंड उतरलं आहे.

विहीण आली. चहा झाला. मी पिशवी सोडली. ती बघून म्हणाली, "चांगलं हाय ईनबाई. पोर मोठी झाली की लई उपयोगी पडंल."

"मोठी कशाला? आत्ताच मारंल."

"आत्ता जड होईल की."

"तुमच्या घरच्या पोरींना होत असंल. ही माझ्या मुलाची हाय."

ती उठून चहाचे कप गोळा करायला लागली. तिचं गप्प बसणंसुद्धा असं असतं की आपणच भांडखोर दिसतो.

मुलगा आणि सून कामावर होते. मी सोयाबीनच्या भुसकटानं भरलेलं पोतं अंगणातल्या भिंतीला लावलं, आणि विहिणीला नीट दिसावं म्हणून, पोरीच्या डाव्या अंगाला, पोत्याकडे चार पावलं पुढे तिची खुर्ची सरकवली. पोर लगेच म्हणाली, "आज्जी, पुढं कोणी बसायचं नसतं. बाईंनी सांगितलंय."

"बाण समोर जातो का बाजूला?"

"समोर."

"मग मार."

तिनं धनुष्य उचललं. खालचं टोक तिच्या नडगीला लागत होतं. दोरी अर्धी ओढली आणि हात थरथरायला लागले. "आज्जी, जड आहे."

"ओढ."

"नाही येत, आज्जी."

"ओढ म्हणते ना! लातूरला येतंय आणि इथं येत न्हाई व्हय?"

तिनं ओढलं. मान वाकडी झाली, खांदा कानाला लागला, सगळं अंग फिरलं आणि बोटं सुटली.

दवाखान्यात पाच टाके पडले. डॉक्टर म्हणाले, बाण चार बोटं पुढे असता तर डोळा गेला असता, आणखी खाली असता तर मानेची शीर. मुलानं घरी आल्यावर दोन्ही धनुष्यं माळ्यावर टाकली. "आजपासून हे बंद. आठ वर्षांच्या पोरीच्या हातात हत्यार देऊन बसलेत सगळे." विहीण डोक्याला पट्टी बांधून पुन्हा तेच म्हणाली, "जावाई, पोरीचं काही चुकलं न्हाई. मीच खुर्ची पुढं ओढली."

मी तिथे उभी होते. मी बोलले नाही. वाटलं, कान फाटला तरी मोठेपणा हीच घेऊन चालली. आता मी खरं सांगितलं तर माझं पाप आणि तिचं पुण्य, दोन्ही एकदम गावभर होईल.

विहीण लातूरला गेली. इकडे पोरीनं अव्वाचं म्हणणं मनावर घेतलंच नाही. शाळेतून आल्यावर ती पोत्याकडे पाठ करून बसे. मी काकडी चिरायला सुरी दिली तर हात मागे घेतला. "माझ्या हातातून सुटली तर?" शेजारीण आली की ती आधीच सांगायची, "मी अव्वाला मारलं." माळ्याकडे तिनं एकदाही बघितलं नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. मला वाटलं, विसरेल. पोर विसरली नाही. ज्या पोरीनं रबराच्या बाणानं माझी बाटली चार वेळा पाडली, ती आता चेंडूसुद्धा कोणाकडे फेकत नव्हती.

एका संध्याकाळी विहिणीचा फोन आला, तोंड दिसणारा. पट्टी निघाली होती. तिनं कान पुढे करून पोरीला दाखवला. "बघ, कसा झकास झाला. आता मला लांबूनच ओळखतील." पोर उठून आत गेली. फोन माझ्या हातात राहिला.

विहीण म्हणाली, "ईनबाई, पोरीला सांगा की."

"काय सांगू?"

"ते तुम्हाला ठाऊक हाय. माझ्या सांगण्यानं तिला पटंना. मी लई दिवस तुमची खुर्ची माझ्या नावावर चालवली. आता ती तुमची तुम्ही घ्या."

आवाज हळूच होता, पण टोचायचं तिथे बरोबर टोचलं. तेव्हा पहिल्यांदा ती बाई मला थोडी आवडली. थोडीच.

जेवताना मी ताटावरच सांगितलं. मुलगा होता, सून होती. म्हणाले, "खुर्ची मी सरकवली. धनुष्य मी एकटीनं जाऊन आणलं, दुकानदार नको म्हणत असताना. ही म्हणत होती जड हाय, मी म्हणाले ओढ. तिनं माझं ऐकलं, एवढंच तिचं चुकलं."

मुलानं विचारलं, "का आई?"

"लातूरचं धनुष्य बघवत नव्हतं म्हणून."

सून खाली बघत होती. पोर माझ्याकडे बघत होती. "मग अव्वा खोटं बोलली?"

"हाव."

"का?"

"ते मला विचारू नको. तिला विचार."

ती खरकट्या हातानं फोनकडे पळाली. अर्धा तास आतून हसण्याचा आवाज येत होता. मी सगळं कबूल केलं आणि पोर गेली कोणाकडे, तर तिच्याकडेच.

मुलानं दुसऱ्या दिवशी माळ्यावरून लहान धनुष्य काढलं. पोरीनं दोरी ओढून धरली, दहापर्यंत मोजलं आणि परत सैल केली. बाण लावला नाही. बाण तिनं चार दिवसांनी लावला, तोही मला हाताला धरून स्वतःच्या मागे उभी केल्यावर. "इथून हलायचं नाही, आज्जी." मी हलले नाही.

आता ती दहा वर्षांची आहे. विहिणीचं धनुष्य तिला लहान पडलं, मी म्हणाले होते तसंच. नवं घ्यायला ती आणि अव्वा दुकानात गेल्या, ओढून बघून, मोजून आणलं. मी आणलेलं अजून माळ्यावर आहे. पोर म्हणते, आणखी दोन वर्षांनी पेलेल. विहिणीच्या उजव्या कानाला खाच आहे. ती आता डाव्या कानातच बुगडी घालते आणि लोकांना तेही छान दिसतं.

बाण सुटला त्या दिवशी अंगणात आम्ही तिघी होतो. तिघीही जिवंत आहोत.