दहावा शब्द

कुंडीतल्या सब्ज्याचं पान चुरलं की मला रास्ता पेठेतलं आम्हा ज्यूंचं सिनॅगॉग आठवतं. तिथे शनिवारी तिन्हीसांजेला, आमचा विश्रांतीचा दिवस शब्बाथ संपताना, सब्ज्याच्या डहाळ्या वास घ्यायला हातोहात फिरत. मी तरुण होईपर्यंत आयटीच्या नोकऱ्यांनी आणि इस्राएलला जाणाऱ्या विमानांनी आमची बाकं रिकामी करत आणली होती, आणि सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष तर हवेतच. आमच्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत. मला हिब्रू अक्षरं शिकवणारे काका दहा शब्दांचं एक वचन म्हणत एकेकावर एकेक शब्द ठेवत. शेवटचा शब्द नेहमी माझ्यावर यायचा. अशाच एका शनिवारी सिनॅगॉगने मला धर्माच्या पुढच्या शिक्षणासाठी दोन वर्षं जेरुसलेमला जायला अनुदान मंजूर केलं. "अहो, याला पाठवलंत तर दहावा शब्द कुणावर ठेवू?" काकांनी विचारलं. "शिकून येईल आणि आपल्यालाच शिकवेल," अध्यक्ष म्हणाले. "तोवर आपण टिकलो म्हणजे मिळवलं," काका म्हणाले. सगळे हसले, मी तर सगळ्यांत मोठ्यानं. दोन वर्षांनी आमचा धर्मग्रंथ तोराह न अडखळता वाचायला शिकून परतलो, तर काकांचं वचन सहाव्या शब्दावरच थांबलं. तोराहची गुंडाळी त्या दिवशी कपाटातून निघालीच नाही. संध्याकाळी काकांनी एक डहाळी माझ्या नाकाशी धरली. म्हणाले, "घे वास. याला दहा माणसं लागत नाहीत." आता काकाही नाहीत. दर शनिवारी मी घरीच पान चुरतो, आणि सवयीनं ते वचन म्हणायला लागतो. पहिल्याच शब्दावर थांबावं लागतं.