सगळे फिरतात तेव्हा

आमच्या सोसायटीच्या गणपतीत आरती संपत आली की सगळे टाळ्या वाजवत जागच्या जागी स्वतःभोवती फिरतात. मी फिरत नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या कानाच्या आतला तोल बिघडला. तेव्हापासून नुसती मान वळवली तरी भिंती फिरायला लागतात. म्हणून मी खुर्चीची पाठ घट्ट धरून समईच्या ज्योतीकडे बघत राहते. शेजारच्या वहिनी एकदा म्हणाल्या, "देवापुढे फिरायचासुद्धा कंटाळा येतो होय तुम्हाला?" काय सांगणार? ताप दाखवता येतो, प्लास्टर दिसतं. चक्कर ज्याची त्यालाच दिसते.

डॉक्टर म्हणाले होते, कानाच्या आत थोडं पाणी असतं, आपण सरळ आहोत की कललो ते त्यावरून मेंदूला कळतं. ते चुकीचं सांगू लागलं, तर डोळ्यांचं आणि तळपायांचं ऐकायचं. मी तेच करते. पायांखालची फरशी गार लागते आहे, म्हणजे मी उभी आहे. नुसतं उभं राहायला एवढी मेहनत लागते, हे मला पूर्वी माहीतच नव्हतं.

काल पुन्हा सगळे फिरले. त्या गर्दीत एकच चेहरा स्थिर होता. तिसऱ्या मजल्यावर नुकतेच राहायला आलेले आजोबा भिंतीला तळहात टेकून ज्योतीकडे बघत होते. प्रसाद घेऊन ते सावकाश, मान न वळवता माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "डावा कान की उजवा?"

दोन वर्षांत पहिल्यांदाच मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"डावा," मी म्हणाले.