तांबी, कापशी आणि उकडलेला पाला

डॉक्टरांनी कापशीचा ओठ अंगठ्याने वर केला, हिरडीवर बोट टेकवलं आणि बोटाला लागलेलं रक्त मला दाखवलं.

"स्कर्व्ही," ते म्हणाले. मग विचारलं, "खायला काय घालता हिला?"

मी अगदी अभिमानाने सांगितलं. मेथी, माठ, कोबीची पानं, गाजर. सगळं आमच्या वाडीतलं, सकाळी खुडलेलं. तीन पाण्यांनी धुऊन, वीस मिनिटं उकडून.

"उकडून?"

"हो. पाणीसुद्धा उकळलेलंच पाजते."

डॉक्टरांनी कापशीला हळूच करंडीत ठेवलं. होळी नावाच्या आमच्या वस्तीतून मी तिला फुलांच्या करंडीत, केळीच्या पानावर निजवून टांग्यातून आणली होती. हा दवाखाना सरकारी, जनावरांचा. बाहेर दोन म्हशी आणि एक बैल नंबर लावून उभे होते. त्यांच्यामागे करंडी मांडीवर घेऊन मी. म्हशीवाल्याने आत डोकावून "ससा का?" विचारलं होतं. गिनीपिग म्हटल्यावर त्याने मान डोलावली, पण त्याला काही कळलं नव्हतं हे मला कळलं.

स्कर्व्ही म्हणजे 'क' जीवनसत्त्व न मिळाल्याने होणारा आजार. हिरड्यांतून रक्त येतं, सांधे सुजतात, मागचे पाय उचलत नाहीत. डॉक्टरांनी मला समजावलं, ते जसंच्या तसं सांगते, कारण कोणाच्या तरी उपयोगी पडेल. गाई-म्हशी, कुत्री-मांजरी हे जीवनसत्त्व स्वतःच्या अंगात तयार करतात. गिनीपिगला ते करता येत नाही. माणसालाही नाही. दोघांनी ते खाऊनच मिळवायचं. ते असतं कच्च्या पाल्यात, फळात. शिजवलं की बरंचसं जातं आणि थोडंफार उरलेलं पाण्यात उतरतं.

ते पाणी मी रोज मोरीत ओतत होते.

"कच्चं खाणं बंद झाल्यापासून किती दिवसांत होतं हे?" मी विचारलं.

"दोन-तीन आठवडे पुरतात."

"आणखी एक होती. तांबी. गेल्या आठवड्यात गेली."

"तिलाही हेच झालं असणार," ते म्हणाले. "ही मात्र वाचेल. आजपासून सुरू करू."

मी मान हलवली. पण माझं लक्ष 'दोन-तीन आठवडे' या शब्दांवर अडकून बसलं होतं.

त्याचं कारण माझी मुलगी वैशू. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. त्या पावसाळ्यात तिला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे झाले. जत्रेत रंगीत बर्फ खाल्ला होता, तो मीच घेऊन दिला होता. आमच्या घरच्या डॉक्टरांनी सांगितलं, "पाणी उकळून, अन्न शिजवून, आणि मुलीला अंथरुणावरून उठू द्यायचं नाही." नऊ वर्षांच्या पोरीला महिनाभर झोपवून ठेवायचं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. म्हणून यांनी मुंबईहून येताना बाजारातून या दोघी आणल्या. एक तांबूस, एक पांढरी. शेपूट नाही, मान नाही, सशाहून लहान. सासूबाईंनी आधी "उंदीर आनलेत घरात" म्हणून तोंड फिरवलं आणि दुसऱ्या दिवशी गाईंची नावं ठेवावीत तशी त्यांची नावं ठेवून मोकळ्या झाल्या.

वैशू त्यांना पोटावर घेऊन झोपे. त्यांच्या तोंडाला तोंड लावी. ते पाहून माझ्या मनात आलं, या दोघींनी कच्चा पाला खाल्ला तर जंतू त्यांच्या तोंडातून पोरीच्या तोंडात जातील. झालं! त्या दिवसापासून त्यांची भाजी स्टोव्हवर. मी मॅट्रिक झालेली. घरात जंतूंविषयी बोलण्याचा अधिकार माझा.

"अगो, गवत खानारं जनावर ते," सासूबाई म्हणाल्या. "त्याला कोन शिजवून घालतं?"

"तुम्हाला नाही कळायचं त्यातलं," मी म्हणाले. हे वाक्य पुढे कितीदा तरी माझ्या कानात वाजलं.

एक गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. मी विळीवर भाजी चिरायला बसले की त्याचा आवाज ऐकून दोघी खोक्याच्या कडेला उभ्या राहायच्या आणि शीळ घालायच्या. एवढ्याशा जीवाची केवढी ती शीळ! मला वाटायचं, माझ्यावर जीव आहे यांचा. त्या ओरडायच्या आणि मी त्यांच्या नाकासमोरून भाजी उचलून आत न्यायचे.

तरीही महिना दीड महिना त्या छान होत्या. उड्या मारायच्या, एकमेकींना ढकलायच्या. मग एका सकाळी मी वैशूला पकडलं. अंथरुणाखाली कोथिंबिरीच्या काड्या. रोज माझी पाठ वळली की ती ओट्यावरच्या जुडीतून चारदोन काड्या काढायची आणि दोघींना वाटून द्यायची.

मी तिच्या पाठीत धपाटा घातला. आजारातून उठत असलेल्या पोरीच्या! "कच्चं घालू नको म्हणून किती वेळा सांगितलं? मेल्या तर तुझ्यामुळे मरतील," असं म्हणाले.

तिने त्या दिवसापासून देणं बंद केलं. तीन आठवड्यांनी तांबी मागचे पाय ओढू लागली. मग खाईना. हात लावला की किंचाळायची. एका दुपारी गेली. यांनी तिला वाडीत चिकूखाली पुरलं. वैशू आली नाही. रडलीही नाही. मला वाटलं, मुलं विसरतात लवकर. ती नुसती भिंतीकडे तोंड करून पडायची आणि पेजेची वाटी तशीच परत यायची. कावीळ उतरली होती, लघवीचा रंग साफ झाला होता, पण पोरगी काही उभी राहीना.

टांग्यात परत येताना मी बोटांवर आठवडे मोजले. दोनदा मोजले. दोन्ही वेळा तेच आलं. जोवर त्या चार काड्या चालू होत्या, तोवर दोघी हिंडत-फिरत होत्या.

घरी आल्यावर मी पहिल्यांदा वैशूचं तोंड उघडून हिरड्या पाहिल्या. ठीक होत्या. सासूबाई तिच्या पेजेत रोज लिंबू पिळत होत्या. मला न विचारता.

उपचार साधेच होते. 'क' जीवनसत्त्वाची पाव गोळी कुटून चमचाभर पाण्यात विरघळवायची आणि शाईच्या नव्या ड्रॉपरने ओठाच्या कडेने थेंब थेंब सोडायची. पाण्यात घालून ठेवायची नाही, तिचा गुण जातो. कच्चा पाला धुऊन, फडक्याने कोरडा करून द्यायचा. पेरूची फोड, आवळ्याची चकती. अंगाखाली मऊ पेंढा, कारण सांधे ठणकत असतात. उचलताना दोन्ही हात खाली घालायचे.

हे सगळं मी केलं. फक्त वैशूला काही सांगितलं नाही. "डॉक्टरांनी औषध दिलंय," एवढंच म्हणाले. आई चुकते हे आमच्या घरात कोणी मुलांना सांगत नसे. माझ्या आईने मला कधी सांगितलं नव्हतं. मनाशी म्हटलं, कापशी बरी झाली की आपोआप सगळं निवळेल.

पहिला दिवस गेला. औषधाचे थेंब पोटात गेले, पण पाल्याला तिने तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी काडी नाकाशी धरली की ती मान वळवायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, "हिचं पोट रिकामं राहता कामा नये. एक-दोन दिवसांत आतडी थांबतात, मग औषधाचा उपयोग नाही." संध्याकाळी ती कोपऱ्यात केस पिंजारून बसली. तांबी अशीच बसली होती.

सासूबाई दारात उभ्या होत्या. "तुझ्या हातचं नाय खायाची ती," म्हणाल्या. "पोरीला दे."

मी कोथिंबिरीची काडी वैशूपुढे केली. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"मी नाही. मी दिलं की मरतात."

मी तिथेच जमिनीवर बसले. इतके दिवस पोर हे उराशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडली होती, आणि मी तिला पेज गिळत नाही म्हणून रागवत होते.

"वैशू, तुझ्यामुळे नाही मेली तांबी," मी म्हणाले. "माझ्यामुळे मेली." मग सगळं सांगितलं. उकडलेल्या भाजीचं, मोरीत ओतलेल्या पाण्याचं, डॉक्टर काय म्हणाले त्याचं. तिच्या काड्यांवरच दोघी जगल्या होत्या हेही सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे मी द्यायची थांबले नसते तर तांबी जगली असती?"

कोण जाणे, असं म्हणता आलं असतं. देवाची इच्छा म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"हो," मी म्हणाले. "जगली असती. मी तुला मारायला नको होतं."

तेव्हा ती रडली. तांबी गेल्यावर पहिल्यांदाच. हमसून हमसून, माझ्या अंगावर पडून नव्हे, माझ्यापासून हातभर लांब बसून. मी तिला जवळ ओढलं नाही. तेवढा हक्क मला वाटला नाही. बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं, माझ्या हातातली काडी घेतली आणि करंडीपाशी गेली. कापशीने दोनदा हुंगलं. मग काडीचं टोक दातांत धरलं आणि काडी हळूहळू आत गेली.

सातव्या दिवशी ती मागच्या पायांवर भार टाकू लागली. बाराव्या दिवशी मी विळीवर बसले तर आतून बारीक, चिरकी शीळ आली. मी अर्धी जुडी तशीच उचलून नेली. त्या दुपारी वैशूने आवळा मीठ लावून खाल्ला, वर एक वाटी पेज मागून घेतली. सासूबाईंची मी माफी मागितली, तर "बरं बरं" म्हणून त्या वाल सोलत राहिल्या.

डॉक्टरांना मी सुकेळी नेऊन दिली. आमच्याकडे केळी उन्हात सुकवून करतात, ती. ते नको नको म्हणाले, मग एकीवरचं सुकं पान उलगडून ती तिथेच खाल्ली. "आम्ही गिनीपिग कॉलेजातल्या पुस्तकात पाहिले होते," म्हणाले. "बरं झालं, धडा आठवला." त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्या घरी असं एखादं जनावर असेल तर ते काय खातं हे आधी विचारा. आपल्या भीतीला काय हवंय ते त्याला घालू नका. मुलांच्या बाबतीत हे शिकायला मला अजून वेळ लागतो आहे.

कापशी पुढे तीन वर्षं जगली. चांगली गुबगुबीत. एकदा उमेळ्याहून माझी नणंद आली. तिच्या मुलांनाही गिनीपिग हवे होते, म्हणून खोक्यापाशी बसून चौकशी करत होती. "दोन होत्या ना ग? दुसरी कशाने गेली?" तिने विचारलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मेथी निवडता निवडता वैशूच बोलली.

"आईला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "आता आहे."

आणि मेथीची एक कच्ची काडी तिने माझ्या हातात दिली, कापशीला घालायला.