वेचणीची गाणी मेडशीत

मी एसटीत कंडक्टर आहे. वाशीम-अकोला रस्त्यावर माझी बावीस वर्षं गेली, आणि त्यातली सोळा वर्षं मी जुन्या रेकॉर्डी गोळा करते आहे. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं ब्लूज, आणि त्यातून पुढे निघालेलं रॉक. मेडशीत, म्हणजे माझ्या सासरच्या गावात, कुणाला हे सांगितलं की माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मग खाकी गणवेशाकडे, आणि मग विचारतो, "कायले?"

सुरुवात एका बिघडलेल्या रेडिओपासून झाली. वाशीमला बाजारामागच्या गल्लीत रेडिओ दुरुस्त करणारे एक म्हातारे चाचा होते. मी रेडिओ परत घ्यायला गेले तेव्हा ते एका जुन्या रेकॉर्ड प्लेयरची सुई तपासत होते. त्यावर एक बाई गात होती. शब्द एकही कळेना. आवाज मात्र कळला. दिवसभर राबून आलेली बाई उंबऱ्यावर बसते आणि घरातल्यांना चार शब्द सुनावते, तसा होता तो.

"चाचा, हे कोन गाऊन राह्यली?"

"अमरीकेची हाय, बेटी. हे लोक तिकडं कापूस वेचायचे. वावर गोऱ्या मालकाचं, मेहनत या लोकायची. गानं तेवढं सोताचं."

मी इंझोरीची. दहावीपर्यंत दर हंगामात आईबरोबर दुसऱ्यांच्या वावरात वेचणीला जायचे. कमरेला ओटी बांधलेली, वाळल्या बोंडांच्या टोकांनी बोटं सोललेली. आम्ही बायाही गायचो, पण आमची गाणी वावरातच राहिली, कुणी ती धरून ठेवली नाहीत. या लोकांची कुणीतरी ठेवली होती. त्या दिवशी मी ती रेकॉर्ड आणि तो प्लेयर, दोन्ही घरी आणले.

पुढे चाचाच माझ्यासाठी शोधत राहिले. अकोल्यात एखाद्या रिटायर साहेबाचा बंगला रिकामा होई, मुलं परदेशी, आणि खोक्यांतून रेकॉर्डी बाजारात येत. चाचा त्या माझ्यासाठी बाजूला काढून ठेवत. याच गाण्यांना वीज जोडून गोऱ्या पोरांनी रॉक केलं, हेही त्यांनीच सांगितलं. मी घरी येऊन ऐकायची आणि कव्हरच्या आत मराठीत नोंद करायची: 'बाई चिडली आहे, थकलेली नाही.' 'दोन गिटारींचं भांडण, मिटत नाही.' नवऱ्याने मागच्या खोलीत एक कपाट करून दिलं. त्याला गाणी आवडत नसत, पण तो तसं कधी बोलला नाही. दीर बोलायचा. "मानूस बोंबलल्यावानी वाटते, वहिनी."

तीन वर्षांपूर्वी पुतणीला, दिराच्या मुलीला, बघायला पाहुणे येणार होते. घराचं रंगकाम काढलं होतं. मी ड्युटीवरून आले तर मागच्या खोलीला नवा निळा रंग, आणि कपाट रिकामं.

"भाऊजी, माह्या रेकॉर्डी?"

"भंगारवाल्याले देल्या," दीर म्हणाला. "पाहुने येऊन राह्यले. ते भंगार कोन आयकते आता?"

"मी आयकते," मी म्हटलं.

त्या रात्री मी जेवले नाही, पण रडलेही नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि मालेगावला भंगारवाल्याकडे गेले. जाताना लग्नात माहेरून आलेलं पितळी घंगाळ सोबत घेतलं. तिथे माझ्या रेकॉर्डी टायरांशेजारी टिनावर पडल्या होत्या. अकरा फुटलेल्या, चार उन्हाने वाकलेल्या.

"मॅडम, मी चोरलं नाही. तुमच्या घरूनच आलं हे," भंगारवाला म्हणाला.

"मले माहीत हाय. तुमची चूक नाही. हे घंगाळ घ्या, अन् त्या मले द्या."

त्याने घंगाळ उचलून पाहिलं, मग मला. "बाई, तुमचं नुकसान हाय याच्यात."

"असू द्या."

त्यानेच पोती दिली, बांधूनही दिलं.

घरी येऊन मी कपाट मागच्या खोलीतून ओढत बैठकीत आणलं. पाहुणे बसणार होते त्याच भिंतीला लावलं. दीर म्हणाला, त्यावर चादर तरी टाका. मी टाकली नाही. घंगाळ गेल्याचं कळलं तेव्हा तो ओरडला, "लक्ष्मी होती ते!" मी म्हटलं, "त्या घंगाळात मी एकदाही पानी तापवलं नाही, भाऊजी. हे मी रोज आयकते."

रविवारी पाहुणे आले. चहा-पोहे झाले, आणि मुलाच्या वडिलांनी कपाटाकडे बोट दाखवलं. "हे काय जमवून राह्यले तुमी?" दिराने बोलायला तोंड उघडलं, पण मी आधी उठले. त्या पहिल्या बाईचीच रेकॉर्ड लावली. कव्हर फाटलं होतं, आवाज शाबूत होता.

मुलाचे वडील हसू दाबत राहिले. मुलगा खाली मान घालून बसला. गाणं अर्ध्यावर असताना दीर म्हणाला, "वहिनी, बंद करा."

"संपू द्या," मी म्हटलं.

गाणं पूर्ण झालं. मग मी सांगितलं की ही कापूस वेचणाऱ्यांची गाणी आहेत, आणि मीही कापूस वेचलेला आहे. मुलाच्या आईने विचारलं, "कोनत्या गावले?" मी इंझोरी सांगितलं. त्या धनजच्या, त्यांनीही वेचलेला. किती वर्षं वेचलं, कुणाच्या वावरात, असं आमचं बराच वेळ चाललं.

लग्न जमलं. ते गाण्यामुळे जमलं असं मी म्हणणार नाही. पोरगा-पोरगी आधीच एकमेकांना पसंत होते. दीर मात्र सहा महिने माझ्याशी बोलला नाही. मीही समजूत काढायला गेले नाही. चूक माझी नव्हती.

चाचा मागच्या वर्षी वारले. दुकान आता मोबाईलचं झालं आहे. मी अकोल्याची फेरी संपली की स्वतः जुन्या बाजारात फिरते, खोक्यांत हात घालते, धूळ झाडते. दुकानदार म्हणतात, घरातल्या पुरुषांसाठी नेताय का? नाही म्हणते, माझ्यासाठी. कपाट भरलं, म्हणून नवऱ्याने दुसरं करायला घेतलं आहे. तेही बैठकीतच बसेल.